दुपंखी विमान, वरचा पंख आणि त्या तारा: लावू की सोडू?

तिसरं_गेट

मंडळी, मदत पाहिजे.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या भाच्याने "मामा, रिटायर झालास, आता टाइमपासला घे" म्हणून सॉपविथ कॅमलचा किट (प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून करायचं छोटं विमान) हातात ठेवला. पहिल्या महायुद्धातलं इंग्रजांचं दुपंखी लढाऊ विमान, १९१७ सालचं. स्केल १:७२. खऱ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत ८.५३ मीटर, त्यामुळे आपल्या हातात येतं ते जेमतेम १२ सेंटिमीटर. डबा आठ महिने माळ्यावर पडून होता. जूनमध्ये पाऊस लागला, बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतली सकाळची फेरी बंद पडली, तेव्हा खाली काढला.

धडाचे दोन अर्धे चिकटले, खुर्ची आत बसली, खालचा पंख लागला. इथपर्यंत बरं होतं. आता दोन अडचणी.

एक. वरचा पंख. पंखांच्या मधले चार खांब आणि धडावरचे चार बुटके खांब असे आठही एकाच वेळी उभे राहिले पाहिजेत आणि वरून पंख टेकवायचा. तीन उभे केले की चौथा झोपतो. सौ. बघून म्हणाली, "संगीत खुर्ची खेळूलालाय काय?"

दोन. तारा. डब्यावरच्या चित्रात दोन पंखांच्या मध्ये तारांचं जाळं आहे. आतल्या कागदावर नुसत्या तुटक रेघा. तार डब्यात नाही, कशाची करायची तेही लिहिलेलं नाही. लावू की सोडून देऊ? चष्मा सव्वादोनचा आहे.

निपाणीची_झणझणीत

तारा नसलेलं बायप्लेन म्हणजे सुंभ नसलेली बाज. चार पाय आहेत, गाते आहेत, झोपणार कशावर?

लावा.

कुंदा_एक_किलो

फोटो?

तिसरं_गेट

@कुंदा, फोटो टाकण्यासारखं असतं तर मदत मागितली असती काय?

उद्यमबाग

फौंड्रीत पॅटर्न शॉपला ३१ वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही.

आधी एक गोष्ट. ज्या फ्रेमला तुमचे पार्ट लटकून येतात ना, तो आमचा रनर. पार्ट जिथे जोडलेला असतो तो गेट. दोन साचे मिटतात तिथे जी बारीक कड उठते ती पार्टिंग लाइन. आम्ही वाळूत लोखंड ओततो, ते पोलादी साच्यात दाबाने प्लास्टिक ढकलतात, बाकी भावकी तीच. तर गेट कापताना पार्टाला चिकटून कापू नका. अर्धा मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेलं पॉलिश पेपरने घासा. खांबांची पार्टिंग लाइन काढली नसेल तर ते भोकात नीट बसणारच नाहीत. निम्मे खांब झोपतात ते त्यामुळे. तपासा.

आता वरचा पंख. हाताने आठ खांब धरायचे ते देवाने चार हात दिलेल्यांनी. आपण जिग करायचा. जाड पुठ्ठा घ्या, लग्नपत्रिकेचा उत्तम. समोरून बघितल्यावर दोन पंखांच्या मध्ये जेवढी मोकळी जागा दिसते त्या आकाराचे दोन तुकडे कापा. ते खालच्या पंखावर उभे करा, वरचा पंख त्यांच्यावर उलटा नाही, सुलटाच ठेवा, आणि मग खांब एकेक करून चिमट्याने आत सरकवा. पंखाचं वजन पुठ्ठा घेतो, खांब नुसता पाहुणा.

फक्त एक सांभाळा. कॅमलचा वरचा पंख सपाट आहे आणि खालचा पंख टोकांकडे वर उचललेला आहे, ५ अंश. त्यामुळे मधली जागा धडापाशी जास्त आणि टोकाला कमी. पुठ्ठा चौकोनी कापलात तर फसलात. वरचा पंख सपाट ठेवला तो कारखान्यात करायला सोपा जावा म्हणून, आणि त्याची भरपाई खालच्या पंखाला जास्त उचल देऊन केली. हे वाचलं तेव्हा मला आमच्याच शॉपमधला कुणीतरी तिथे असावा असं वाटलं.

खानापुरी_पाऊस

उद्यमबागवाल्यांना दंडवत. लग्नपत्रिका सत्कारणी लागली.

तिसरं गेट, रंग आताच देणार असाल तर माझा अनुभव ऐका. जुलैमध्ये खानापुरात वार्निश मारलं होतं. तासाभराने विमान पांढरंफटक, जणू भस्म फासून बसलंय. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं दमट त्यावर येऊन बसतं. आमच्याकडे तर या दिवसांत मीठही डब्यातून ओतावं लागतं. ब्रशने अ‍ॅक्रिलिक द्या, वार्निशचं काम ऑक्टोबरात ठेवा.

तिसरं_गेट

@उद्यमबाग, पार्टिंग लाइन होती! आठपैकी पाच खांबांना. घासली. आता बसतायत.

पण काल एक पराक्रम झाला. गोंद बोटाने पंखावर पसरला. पुसायला सूनबाईच्या कपाटातला नेलपॉलिश रिमूव्हर घेतला. कापूस फिरवला तर पंखच बोटाला यायला लागला. एका टोकाचं कापड (म्हणजे कापडासारखी जी नक्षी असते ती) गेलं, तिथे चंद्रावरच्यासारखा खड्डा.

उद्यमबाग

अ‍ॅसिटोन! पॉलिस्टायरिन त्यात विरघळतं हो. वरच्या बाजूला की खालच्या?

तिसरं_गेट

खालच्या. देव आहे.

उगीच_एक_मत

सगळे लावा लावा म्हणतायत म्हणून उलट बाजू मांडतो.

खरी तार समजा ६ मिलिमीटरची. तिला ७२ ने भागा. ०.०८ मिलिमीटर. म्हणजे डोक्याचा केस. बहुतेक लोक लावतात तो शिवणाचा दोरा याच्या तिप्पट जाड असतो. १:७२ मध्ये दोरा लावलेलं कॅमल म्हणजे विमान नाही, कपडे वाळत घालायची गच्ची. मी तीन बायप्लेन केली, एकालाही तार नाही, आणि चार फुटांवरून खरी तारही डोळ्याला दिसली नसती. जे दिसणार नाही ते न दाखवणं हेच प्रामाणिक. जाड तारेपेक्षा बिनतारी बरं.

निपाणीची_झणझणीत

बिनतारी 😄 हसून हसून पुरेवाट.

तरी पण बाजेला सुंभ पाहिजे.

उद्यमबाग

@उगीच, दोऱ्याबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. त्या तारा शोभेच्या नाहीत. लाकडी सांगाडा, वर लिननचं कापड, त्यावर डोप, म्हणजे कापड ताणून ताठ करणारं वार्निश. एवढ्या नाजूक पंखाला ताकद तारेनेच येते. धडाच्या खालून वरच्या पंखाच्या टोकाकडे जातात त्या उडताना ताणतात, पंख वर उचलला जातो तो त्या धरून ठेवतात. वरून मधून खालच्या पंखाच्या टोकाकडे येतात त्या जमिनीवर असताना पंखाचं वजन पेलतात. पुढच्या-मागच्या खांबांच्या मधली फुली वेगळी, ती पंखाचा पीळ सांभाळते. जोडतारा (एकाच जागी दोन-दोन असतात त्या) वेगळ्या धरल्या नाहीत तरी एका बाजूला सहा. त्या काढल्या तर तुम्ही जे बनवताय ते पहिल्याच वळणाला मिटलं असतं. नजरेला दिसो न दिसो, डोक्याला दिसतं.

उगीच_एक_मत

डोक्याला दिसतं ते डोक्यात ठेवा की. शेल्फवर कशाला?

मागावरची

वडगावात घर, घरात दोन पॉवरलूम, म्हणून मला या भांडणाची मजा वाटूलाली आहे. इंजिनीअर लोक अर्धा तास धाग्यावर बोलतायत आणि विणकराला कुणी विचारत नाही.

शिवणाचा दोरा नको हे बरोबर. सुती तर अजिबात नको, त्याला लव असते, रंग दिला की ती लव उभी राहते, तार नाही, सुरवंट दिसेल. तुम्हाला मोनोफिलामेंट पाहिजे. एकच तंतू, पिळाचा नाही. टिश्यू साडीला, ऑरगेन्झाला लागतो तो. वीस डेनियरचा मागा. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, तर ९००० मीटरला वीस ग्रॅम. जाडी साधारण ०.०५ मिलिमीटर येते. उगीच_एक_मत साहेब, तुमच्या केसापेक्षा बारीक झाला, आता बोला.

बॉबिनच्या तळाला जे उरतं ते आम्ही टाकूनच देतो. खासबाग बाजूला येणं झालं तर घेऊन जा. तुमच्या सात पिढ्यांची विमानं होतील.

आणि हो, धाग्यासाठी धागा काढलात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही काय?

कुंदा_एक_किलो

मावशींना एक किलो माझ्याकडून.

उगीच_एक_मत

०.०५ असेल तर माझा आक्षेप मागे. पण तो ताठ कसा राहणार? सैल तार ही न लावलेल्या तारेपेक्षा वाईट.

खानापुरी_पाऊस

उदबत्ती. नायलॉन असेल तर पेटलेली उदबत्ती धाग्याच्या जवळ, न टेकवता, सरळ फिरवा. उष्णतेने आकसतो आणि तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ होतो. टेकली तर मात्र तुटतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या भोकापाशी. नेहमीची देवघरातली चालते, मसाला उदबत्तीची राख जास्त पडते.

शहापूरचा_शाम

अवांतर: या कॅमलच्या इंजिनाला एरंडेल लागायचं हे खरं काय? कुठेतरी वाचलं होतं आणि गंमत वाटली होती.

उद्यमबाग

अगदी खरं. रोटरी इंजिन होतं, नऊ सिलिंडरचं क्लर्जे, १३० हॉर्सपॉवर. आपल्या डोक्यात इंजिन म्हणजे ब्लॉक स्थिर आणि शाफ्ट फिरतो. इथे उलटं, शाफ्ट विमानाला पक्का आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरतात. पेट्रोल आणि वंगण दोन्ही त्याच पोकळ शाफ्टमधून आत जातं. साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये मिसळून पातळ होतं, एरंडेल मिसळत नाही, म्हणून एरंडेल. आणि ते परत टाकीत येत नाही, जळून नाहीतर उडून बाहेर जातं. ते सगळं पायलटच्या तोंडावर.

एवढा मोठा भोवरा नाकाशी फिरतोय म्हटल्यावर विमानालाही भोवऱ्याचा स्वभाव येतो. उजवीकडे झटकन वळायचं आणि नाक खाली घालायचं, डावीकडे वळताना नाक वर. शिकाऊ पोरं यातच गेली.

निपाणीची_झणझणीत

म्हणजे शत्रूने नाही पाडलं तर एरंडेलाने पळवलं. "एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा" हा वाक्प्रचार हवाई दलातून आला काय?

शहापूरचा_शाम

तास दोन तास आकाशात, पोटात एरंडेल, आणि खाली शौचालय नाही. शौर्यपदक त्यासाठीच असावं.

सांब्रा_रनवे

मस्करी पुरे, थोडं कामाचं. तिसरं गेट, डब्यात कुठल्या स्क्वाड्रनचे डेकल (विमानावर चिकटवायची चिन्हं) आहेत? शक्य असेल तर २८ स्क्वाड्रनचं करा. सरदार हरदित सिंग मलिक त्याच स्क्वाड्रनमध्ये १९१७ साली कॅमल उडवायचे. पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट खास करून घेतलं होतं. पायात गोळ्या लागल्या, तरी वाचले. पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले, आणि ससेक्सकडून क्रिकेटही खेळले होते.

दुसरे कोलकात्याचे इंद्रलाल रॉय. त्यांचं विमान कॅमल नाही, एस.ई.५ए. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं, आणि २२ जुलैला स्वतः गेले. वय १९.

आणि आपल्या लोकांना फारसं माहीत नसलेलं नाव, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. २३ स्क्वाड्रन, विमान सॉपविथ डॉल्फिन. तेही जून १९१८ मध्येच गेले. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे असतो आणि पायलटचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येतं. किट मिळालं तर मी तेच करणार.

तिसरं_गेट

वेलिणकरांबद्दल खरंच माहीत नव्हतं. बँकेत आमच्या शाखेला एक वेलिणकर होते, त्यांनाही माहीत नसणार.

रंगाचं विचारायचं राहिलं. वरून नक्की कुठला? एका ठिकाणी हिरवा दिसतो, एका ठिकाणी चॉकलेटी.

सांब्रा_रनवे

त्याचं नाव पीसी१०. हिरवट खाकी.

खानापुरी_पाऊस

हिरवट नाही, चॉकलेटी.

सांब्रा_रनवे

आता हे सुरू झालं.

खानापुरी_पाऊस

सुरू झालं नाही, शंभर वर्षं चालूच आहे. त्यात पिवळी माती आणि काजळी होती, हिरवा रंग असा नव्हताच. पिवळ्यात काळा घातला की हिरवटपणाचा भास होतो, शाळेत वॉटरकलर केलेल्या कुणालाही विचारा. उन्हापावसात राहून तपकिरीकडे जातो. तुमचं विमान कारखान्यातून नवं आलंय की सहा महिने चिखलात उभं आहे ते आधी ठरवा, मग रंग.

खालची बाजू मात्र बिनवादाची. बिनरंगी डोप मारलेलं लिननचं कापड, सायीचा रंग. तो खड्डाही तिथेच आहे ना? मग चिखल उडालेला दाखवा.

कुंदा_एक_किलो

जांभ्याची माती लावा, खानापूर रोडची. बेल्जियमची म्हणून खपेल.

कॅम्पातला_निवृत्त

रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं झाली माझी, गाव चंदगड बाजूला. घरात तिसरी पिढी पलटणीत. पणजोबा ११० मराठात होते, कूतला. मेसोपोटेमिया. डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. आमच्या घरात त्या वेढ्यातलं फारसं कुणी बोलत नव्हतं, पण एक गोष्ट आजी सांगायची. "तुझ्या पणज्याला आभाळातनं पीठ आलं होतं." लहानपणी आम्हाला वाटायचं म्हातारी देवाधर्माचं काहीतरी सांगते.

नोकरीत असताना रेजिमेंटचा इतिहास वाचला तेव्हा कळलं. एप्रिल १९१६ मध्ये दुपंखी विमानांनी वेढ्यातल्या लोकांना पिठाची पोती वरून टाकली होती. बी.ई.२सी जातीची विमानं, या तुमच्या कॅमलच्या आधीची, हळू चालणारी. वेढ्यात धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, म्हणून जात्याची तळीसुद्धा विमानातून टाकली. पोती पुरली नाहीत, काही नदीत पडली, काही पलीकडे तुर्कांच्या हद्दीत. पणजोबा कैदेतून परत आले. सगळे आले नाहीत.

तुम्ही तारा लावा साहेब. कुणी मोजल्या नाहीत तरी लावा.

उगीच_एक_मत

काका, आता मी काय बोलू. लावा हो तिसरं गेट.

(बी.ई.२सीला कॅमलच्या दुपटीने तारा असतात, हे मात्र नोंदवून ठेवतो.)

मागावरची

जात्याचं वाचून थांबले. माझ्या सासूबाई अजून जात्यावरच्या ओव्या म्हणतात. त्यांना सांगितलं की जातं विमानातून टाकलं होतं. म्हणाल्या, "आणि खुंटा?"

कॅम्पातला_निवृत्त

खुंट्याचं इतिहासात लिहिलेलं नाही ताई.

शहापूरचा_शाम

तिसरं गेट, दिवाळीत आमच्या गल्लीत प्रतापगड होणार आहे. विमान उसनं मिळेल काय? मावळ्यांच्या वर टांगू.

निपाणीची_झणझणीत

अफजलखानाच्या शामियान्यावर सॉपविथ कॅमल. पहिलं बक्षीस पक्कं.

तिसरं_गेट

तीन आठवड्यांनी आलो. सांगतो काय झालं ते.

वडगावला जाऊन आलो. मावशींनी नुसती बॉबिन दिली नाही, चहा आणि चिवडाही दिला. धागा हातात घेतला तर हातात काही आहे असंच वाटेना. उजेडात धरला की दिसतो, खाली केला की गायब. पांढऱ्या भिंतीसमोर काम होत नाही म्हणून सौ.ची काळी शाल टेबलावर पसरली.

वरचा पंख चिकटवायच्या आधीच दोन्ही पंखांना भोकं पाडली, ०.३ चा ड्रिल हाताने फिरवून. वरच्या पंखाची भोकं आरपार नाहीत, खालच्याची आरपार. तीन ड्रिल मोडले. मग लग्नपत्रिकेचा जिग. उद्यमबाग, पहिला मी चौकोनीच कापला, तुम्ही बजावून सांगितलं असताना. दुसरा बरोबर कापला. खांब एकेक आत गेले. पंख बसला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते आणि ओरडायला घरात कुणी जागं नव्हतं.

मग धागा. वरच्या भोकात फेविक्विकचा थेंब सुईच्या टोकाने, धागा आत, दहा मिनिटं. मग खालच्या भोकातून बाहेर ओढायचा, टोकाला कपड्याचा चिमटा लटकवायचा, खालून थेंब, वाळला की ब्लेडने कापायचा. विमान दोन वह्यांच्या मध्ये उभं आणि खाली सहा चिमटे लोंबतायत, शेजारचा नातू येऊन विचारून गेला, "आजोबा, विमान वाळत घातलंय?" उगीच_एक_मत, तुमची आठवण आली.

दोन सैल राहिल्या. उदबत्ती फिरवली. एक ताठ झाली. दुसरी तुटली. पुन्हा पहिल्या भोकापाशी.

रंग चॉकलेटीकडे झुकणारा दिला. सांब्रा, माफ करा. वार्निश ऑक्टोबरात. फोटो आता टाकतो, कुंदा, बघ.

कुंदा_एक_किलो

आयला.

मागावरची

तार दिसतच नाही पहिल्या फोटोत! दुसऱ्यात, खिडकीचा उजेड मागून आहे तिथे सगळ्या दिसल्या. छान झालंय हो.

उगीच_एक_मत

चार फुटांवरून दिसत नाहीत. मी म्हटलंच होतं. सुंदर झालंय.

उद्यमबाग

जिगची मेहनत कळते. समोरून बघितलं, वरचा पंख एकदम लेव्हलला. हात बसला तुमचा.

एकच. डाव्या बाजूची मागची तार बघा. ती खांबाच्या मागून जायला पाहिजे, पुढून गेली आहे.

तिसरं_गेट

दिसलं होतं. रात्री दीड वाजता दिसलं.

डावी बाजू भिंतीकडे ठेवली आहे.